सगळ्यात मागे चालतो तो 'अल्फा'? (लांडगे, हुप्पे आणि आपले साहेब)

निवडुंग

बर्फातून एका ओळीत चाललेले पंचवीस लांडगे. हा फोटो कुठल्या ना कुठल्या ग्रुपवर तुमच्याकडे येऊन गेलाच असेल. खालचा मजकूर ठरलेला असतो. पुढचे तीन म्हातारे-आजारी, चालीचा वेग तेच ठरवतात. मग पाच तगडे, मग बाकीची टोळी, मग पुन्हा पाच तगडे. आणि सगळ्यात मागे, सगळ्यांवर नजर ठेवून एकटा चालणारा 'अल्फा'. अलीकडे आमच्या ऑफिसात मॅनेजर लोकांचं प्रशिक्षण झालं. तिथे पडद्यावर हाच फोटो आला आणि पुढचा तासभर 'अल्फा कसं व्हायचं' यात गेला. खुर्चीत पसरून कसं बसायचं, बोलताना आधी नजर कोणी वळवायची, मीटिंगला पाच मिनिटं उशिरा का यायचं वगैरे. चहा मात्र चांगला होता.

फोटो खरा आहे, मजकूर रचलेला आहे. कॅनडाच्या वुड बफेलो राष्ट्रीय उद्यानात चॅडन हंटर यांनी तो काढला, बीबीसीच्या 'फ्रोझन प्लॅनेट' (२०११) मालिकेच्या निमित्ताने. लांडगे बायसनच्या मागावर होते. मूळ माहितीप्रमाणे सगळ्यात पुढे एक मादी आहे. ती भुसभुशीत बर्फ तुडवत वाट पाडते आणि बाकीचे तिच्या मागून चालतात, कारण तसे श्रम वाचतात. म्हातारे नाहीत, अंगरक्षक नाहीत आणि मागून पहारा देणारा सेनापतीही नाही. गंमत म्हणजे त्या मूळ माहितीतसुद्धा तिला 'अल्फा मादी' म्हटलं होतं, इतकी ही कल्पना मुरलेली आहे.

ती मुरली कशी, हे बघण्यासारखं आहे. १९४७ साली रुडॉल्फ शेंकेल या स्विस संशोधकाचा लांडग्यांवरचा निबंध आला. त्याने अभ्यासलेले लांडगे बाझलच्या प्राणिसंग्रहालयातले होते. एका कुंपणात जास्तीत जास्त दहा. त्यांच्यात सतत गुरगुर, चावाचावी, वरचढ-खालचढ चालायची आणि शेवटी एक नर व एक मादी वर राहायची. पुढे डेव्हिड मेक या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९७० च्या आपल्या ग्रंथात हेच चित्र घेतलं. तो ग्रंथ प्रचंड खपला आणि 'अल्फा' प्राणिशास्त्रातून बाहेर पडून बाजारात आला.

पण मेक तिथे थांबले नाहीत. १९८६ पासून अनेक उन्हाळे ते कॅनडाच्या पार उत्तरेला, एल्समिअर बेटावर जाऊन राहिले. तिथल्या लांडग्यांना माणसाची फारशी भीती नाही, त्यामुळे अगदी जवळून बघता आलं. त्यांना दिसलं ते असं: टोळी म्हणजे आई, बाप आणि त्यांची एक-दोन वर्षांची पोरं. वरच्या जागेसाठी मारामारी जवळपास नाहीच. पोरं वयात आली की घर सोडतात, कुठेतरी जोडीदार शोधतात आणि आपला संसार मांडतात. १९९९ मध्ये त्यांनी हे शोधनिबंधात मांडलं. 'अल्फा' म्हणण्यापेक्षा सरळ आई-बाप म्हणा, असं त्यांचं म्हणणं. स्वतःचं ते जुनं पुस्तक छापणं बंद करा म्हणून ते वर्षानुवर्षं प्रकाशकाच्या मागे लागले होते. ते अखेर २०२२ मध्ये थांबलं.

आता माझा मुद्दा. शेंकेलने खोटं लिहिलेलं नाही. त्याला जे दिसलं ते त्याने प्रामाणिकपणे टिपलं. फक्त ते लांडग्याच्या स्वभावाचं वर्णन नव्हतं, कुंपणाचं होतं. ठिकठिकाणहून आणलेले प्राणी एकत्र कोंडा, बाहेर जायची वाट ठेवू नका, अन्न आयतं एका जागी टाका. मग जे घडेल ते 'अल्फा'. म्हणून मला वाटतं की एखाद्या ऑफिसात असा साहेब फोफावलेला दिसला, तर त्याच्या छातीच्या मापापेक्षा आधी दारं कुठे कुठे बंद आहेत ते बघावं. तीन महिन्यांचा नोटीस पिरियड, घराचे हप्ते, गावात दुसरी कंपनी नाही, व्हिसा कंपनीच्या नावावर.

मतं येऊ द्या.

ओवी

मस्त धागा. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर हा फोटो सेक्रेटरींनीच टाकला होता, आणि मीटिंगला ते कायम सगळ्यात शेवटी येतात. 😄 आता कळलं.

वाचतेय. पुढच्या लेखनाला शुभेच्छा.

माळरानी

कॅनडाला जायची गरज नाही. आमच्याकडे मोहोळ, उत्तर सोलापूरच्या माळांवर लांडगे आहेत, अजून तरी. इथली टोळी लहान. नर, मादी, त्या वर्षीची पिल्लं आणि असलंच तर आधीच्या वर्षीचं एखादं पोर. मेंढक्यांना विचारा, ते कधी 'लीडर' वगैरे बोलणार नाहीत. 'नर-मादी हायती अन् त्यांची लेकरं,' विषय संपला. ज्याची कोकरं जातात त्याला जनावर बरोबर ओळखता येतं.

एक पाहिलेलं सांगतो. हिवाळ्यात पिल्लं होतात. दिवस मावळायला आला की मोठी जोडी बिळापासून निघते. एकदा ओढ्याच्या काठाच्या बिळाजवळ आधीच्या वर्षीचं एक पोर मागे राहिलं, पिल्लांपाशी. ते झोपायचा प्रयत्न करी आणि पिल्लं त्याच्या शेपटीला लटकत. मोठी मादी परत आली तशी सगळी पिल्लं आणि ते थोरलं पोरसुद्धा कान पाडून, अंग चोरून, शेपूट खाली घेऊन तिच्या तोंडाशी गेली आणि तिचा जबडा चाटायला लागली. तिने पोटातलं मांस ओकून काढलं. पिल्लं त्याच्यावर तुटून पडली, थोरलं बाजूला बसून राहिलं.

त्या थोरल्या पोराचा नुसता फोटो कुणी दाखवला असता, तर 'बघा, दुबळा कसा शरण जातो' असंच सगळे म्हणाले असते. ते आईकडे जेवण मागत होतं.

डॉ. खवचट

धागा चांगला आहे, पण लंबक दुसऱ्या टोकाला चाललाय. 'अल्फा' हे मिथक आहे असं म्हणणं हीसुद्धा आता फॉरवर्डमधलीच गोष्ट झाली आहे. तीन दाखले देतो, तिन्ही कुंपणाबाहेरचे.

अमेरिकेच्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात १९९५-९६ साली लांडगे पुन्हा सोडले. तिथे भक्ष्य मुबलक, त्यामुळे टोळ्या मोठ्या झाल्या आणि एका टोळीत दोन-तीन माद्या विऊ लागल्या. ड्रुइड पीक टोळीतली ४० क्रमांकाची मादी सख्ख्या बहिणींना झोडपायची. २००० साली टोळीतल्या माद्यांनीच तिला फाडलं. तिथले संशोधक अजूनही काही टोळ्यांबाबत हा शब्द वापरतात, आणि मेक यांनाही अशा टोळ्यांपुरता तो चालतो.

दुसरा आपल्या दाराशीच. वानरांचा हुप्प्या. धारवाडजवळ १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला सुगियामा या जपानी संशोधकाने पाहिलं की बाहेरचे नर टोळीवर चाल करतात, जुन्या हुप्प्याला हाकलतात आणि नवा हुप्प्या अंगावरची पिल्लं मारतो. पुढे माउंट अबूला सारा हर्डी यांनी याचाच सविस्तर अभ्यास केला. तिथे कुंपण कुठे होतं?

तिसरा चिंपांझींचा. २०१४ मध्ये 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात अठरा चिंपांझी समूहांची नोंद आली. जंगलातले चिंपांझी एकमेकांना मारतात आणि त्याचा माणसाच्या ढवळाढवळीशी संबंध दिसत नाही.

तेव्हा 'दारं उघडी ठेवा म्हणजे सगळे आई-बाप होतील' हा भाबडेपणा झाला.

निवडुंग

खवचटराव, सगळे आई-बाप होतील असं मी म्हटलेलं नाही. :) पण दाखले चांगले दिलेत, म्हणून त्यातच जरा शिरतो.

४० नंबरची गोष्ट तुम्ही अर्ध्यावर सोडलीत. ती मेल्यावर तिची जागा बहिणीने, ४२ नंबरने घेतली. जिला सगळ्यात जास्त मार पडायचा तीच ही. तिने स्वतःच्या पिल्लांसोबत मेलेल्या बहिणीची पिल्लंही वाढवली. २००१ मध्ये टोळी सदतीसपर्यंत गेली. दहशतीने चालवणारी होती, हे कबूलच. पण प्रशिक्षणाच्या स्लाइडवर 'मग हाताखालच्यांनी तिला फाडलं' हा भाग येत नाही एवढंच.

हुप्प्याचं खरं आहे. पण तो चालवतो काय? दोन-तीन वर्षांत त्याचीही गच्छंती होते. टोळीत कायम राहतात त्या आया, मावश्या, बहिणी. कुठल्या झाडाला कधी पाला फुटतो, पाणी कुठे सापडतं, हे त्यांच्या डोक्यात असतं. हुप्प्या म्हणजे ठेकेदार.

आणि तुम्ही म्हणता त्या 'नेचर'च्या लेखात बहुतेक बळी शेजारच्या समूहातले होते. ती टोळीयुद्धं. आपण बोलतोय ते टोळीच्या आतल्या उतरंडीबद्दल.

डॉ. खवचट

बहुतेक, सगळे नाहीत. पण असो, मुद्दा पोचला.

आतल्या उतरंडीचाच दाखला हवा तर नेदरलँड्समधल्या आर्नेमच्या प्राणिसंग्रहालयाचा घ्या. फ्रान्स द वाल तिथे चिंपांझींचा अभ्यास करायचे. लाउट नावाचा नर वर चढला होता. १९८० साली निक्की आणि येरून या दोघांनी मिळून त्याला रात्रीच्या खोलीत इतकं फाडलं की तो मेला. येरून तर म्हातारा होता, एकट्याने काहीच करू शकला नसता. ताकद कामाला येते ती युतीत. महाराष्ट्रात हे समजावून सांगायची गरज नसावी.

त्यांच्या त्या निरीक्षणांवरचं पुस्तक १९९४ मध्ये न्यूट गिंगरिच या अमेरिकी नेत्याने अमेरिकेच्या नव्या खासदारांना वाचायला सुचवलं, तेव्हापासून 'अल्फा मेल' हा शब्द राजकारणात रुळला. द वाल शेवटपर्यंत वैतागून सांगत राहिले की टिकणारा नेता भांडणं सोडवतो, मार खाल्लेल्याला जवळ घेतो, आणि नुसता दांडगा असेल त्याचा शेवट वाईट होतो. ऐकणाऱ्यांनी पहिलाच अर्धा भाग ऐकला.

ओवी

'रात्रीच्या खोलीत' म्हणजे पुन्हा बंद दारच की, खवचटकाका. 😛

डॉ. खवचट

ओवी, तो चेंडू मीच टाकून दिला, मान्य. आणि काका कोणाला?

बंड्याचा_बाबा

थोडं अवांतर. आमचा बंड्या (लॅब्राडोर, दीड वर्ष) पट्टा फार ओढतो. ट्रेनर म्हणाला, तो तुम्हाला अल्फा मानत नाही. त्याला उताणा पाडून मानेवर हात दाबून धरा, आणि तुम्ही जेवल्याशिवाय त्याला जेवायला देऊ नका. दोन दिवस केलं. आता तो मी जवळ गेलो की सोफ्याखाली जातो. पट्टा अजून ओढतोच. काय करावं?

ओवी

अहो दादा, ताबडतोब थांबवा ते! आमच्याकडेही एक पिळदार मिशीवाले ट्रेनर हेच सांगून गेले होते. तो ओढतो कारण दीड वर्षाचा लॅब आहे आणि पुढे वास येतोय. ओढलं की तुम्ही जागेवर उभे राहा, पट्टा सैल झाला की चाला आणि लगेच खाऊ द्या. पंधरवडाभर रोज तेच. उताणा पाडण्याचा सल्ला अमेरिकेतल्या एका मठातल्या साधूंच्या १९७८ च्या श्वानपुस्तकामुळे पसरला. पुढच्या आवृत्तीत त्यांनीच तो मागे घेतला. २००८ मध्ये तिथल्या प्राणी-वर्तन पशुवैद्यकांच्या संघटनेनेही या 'वरचढ व्हा' पद्धतीविरुद्ध निवेदन काढलं. भीतीने कुत्रं चावरं होतं.

हिशेबनीस

कुत्री-लांडगे झाले, आता माणसांकडे या. एचआरमध्ये बरीच वर्षं घालवलीत, म्हणून दोनच अभ्यास सांगतो. बाकीचा बाजार सोडून द्या.

एक, कॅनडातला, २०१३ चा. एकमेकांना न ओळखणाऱ्या विद्यार्थ्यांचे छोटे गट केले आणि काम दिलं की चंद्रावर अडकलात, हाताशी असलेल्या वस्तू महत्त्वाप्रमाणे लावा. दोन प्रकारच्या लोकांचं म्हणणं चाललं. काही दरारा दाखवणारे, काही ज्यांना काही येतं असं इतरांना वाटलं ते. दोघांचाही प्रभाव पडला. फरक एवढाच की दरारेवाले कुणाला आवडले नाहीत. 'दांडगाई चालतच नाही' असं म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. चालते. पण ती माणसं अनोळखी होती आणि थोड्या वेळाने घरी जाणार होती.

दोन, २०२० चा. भांडखोर, स्वार्थी, फसवेपणा करणारा स्वभाव आधी मोजून ठेवला आणि साधारण चौदा वर्षांनी बघितलं की नोकरीत कोण किती वर गेलं. असल्या लोकांना कसलाच फायदा झालेला नव्हता. तोटाही नाही. दादागिरीने जेवढं मिळवलं तेवढं लोक तुटल्यामुळे गमावलं, जमाखर्च शून्य. म्हणजे वाईट साहेब वर पोचतो तो वाईट असल्यामुळे नाही. तो कसाही पोचला असता. मात्र वर पोचल्यावर तो खाली काय करून ठेवतो ते आम्हाला निस्तरावं लागतं.

निवडुंग यांचा दारांचा मुद्दा मला राजीनाम्यांत दिसतो. एकाच कंपनीत, एकाच स्वभावाचे दोन साहेब. एकाच्या हाताखाली बाजारात मागणी असलेले इंजिनिअर, दुसऱ्याच्या हाताखाली पन्नाशीचे लेखा विभागातले लोक. पहिल्याचा आवाज वर्षभरात खाली येतो, कारण माणसं टिकत नाहीत आणि वरून फोन येतो. दुसरा निवृत्त होईपर्यंत ओरडतो, आणि निरोप समारंभात लोक त्याच्या 'करड्या शिस्ती'बद्दल बोलतात.

गावाकडचा

शहरातल्या लोकांनी साहेब पाहिलेत, चेअरमन पाहिलेले नाहीत.

आमच्याकडे कारखान्याची झोनबंदी होती. तुमचा ऊस ज्या कारखान्याच्या हद्दीत, त्यालाच घालायचा. तोडीची चिठ्ठी चिटबॉय आणणार, आणि चिटबॉय कुणाचा माणूस ते सांगायला नको. विरोधात गेलात तर ऊस तुमचाच मागे राहणार. उसाला तुरा यायचा, वजन घटायचं. शेजाऱ्याचा फड तुटून गाड्या भरून जायच्या आणि तुम्ही बांधावर उभे. चेअरमन कधी आवाज चढवायचे नाहीत. गाडीची काच खाली करून 'काय, बरं आहे ना?' एवढंच विचारायचे. त्यांना खुर्चीत पसरून बसायचं शिकवायला कोणी आलं असतं तर हसले असते.

झोनबंदी उठली. दुसऱ्या कारखान्याच्या टोळ्या आमच्या शिवारात यायला लागल्या. तेच चेअरमन, तीच गाडी, पण शेतकऱ्याच्या लग्नाला जाऊन जेवून यायला लागले. स्वभाव बदलला म्हणावं तर वय सत्तर. निवडुंग म्हणतात ते दार हेच असावं.

निवडुंग

वा! मला दहा शोधनिबंध वाचून जे नीट सांगता आलं नाही ते तुम्ही दोन परिच्छेदांत सांगितलंत.

डॉ. खवचट

सांभाळून. दार उघडलं की दांडगाई कमी होते, इथपर्यंत ठीक. पण नुसतं दार पुरत नाही. सापोल्स्की या संशोधकाने पाहिलेली केनियातली बबून माकडांची टोळी घ्या. पर्यटकांच्या लॉजच्या उकिरड्यावर भांडून खाणारे दांडगे नर क्षयाचं मांस खाऊन १९८० च्या दशकात मेले, जवळपास निम्मे नर गेले. उरले ते मवाळ. दहा वर्षांनी टोळीतले सगळे नर बाहेरून आलेले होते, तरी टोळीची रीत मवाळच होती. नर बबून मोठा झाला की जन्माची टोळी सोडतोच, म्हणजे दार आधीही उघडंच होतं. बदलली ती रीत.

शिवाय रीत राखावी लागते. आफ्रिकेतल्या कलाहारी वाळवंटात राहिलेले मानववंशशास्त्रज्ञ रिचर्ड ली यांनी लिहून ठेवलंय की तिथल्या शिकारी कुंग लोकांत कोणी मोठी शिकार आणली की बाकीचे मुद्दाम नाक मुरडतात. 'ही हाडं आणायला आम्हाला एवढं लांब बोलावलंस?' शिकारीने डोक्यात हवा जाऊ नये म्हणून. ली यांनी नाताळला भलामोठा बैल दिला तर त्या बैलालाही दिवसचे दिवस 'हडकुळा' म्हणून हिणवत राहिले. क्रिस्टोफर बोम या मानववंशशास्त्रज्ञाचं म्हणणं असं की माणसाच्या शिकारी टोळ्यांत उतरंड उलटी होती. बरेच मिळून एका दांडग्याला खाली ठेवत. आधी टिंगल, मग बोलणं तोडणं, मग हाकलणं, आणि नाहीच ऐकलं तर त्याहून पुढचंही.

ओवी

टिंगलीत तर आपण कलाहारीला हरवू. आमच्या ऑफिसातल्या साहेबांची नक्कल करणारा एक शिपाई आहे, त्याची बदली होऊ नये म्हणून सगळा मजला प्रयत्न करतो.

माळरानी

हेच म्हणतो. धनगरांच्या वाड्यावर म्हाताऱ्या बायका कारभाऱ्याला तोंडावर जे बोलतात ते इथे लिहिता येणार नाही. जाता जाता, बंड्याचं काय झालं?

बंड्याचा_बाबा

सोफ्याखालून बाहेर आला. :) पट्टा ओढतोय, पण चिकन दिसलं की थांबतो.

गावाकडचा

खवचट साहेबांचं पटतंय, पण एक राहिलं. चेअरमन आणि बागायतदार यांचं झालं. त्यांच्या खाली ऊसतोड टोळी असते, बीड-नगर भागातून आलेली. टोळीचा मुकादम. पावसाळ्यात घरात दाणा नसतो तेव्हा तो उचल म्हणजे आगाऊ पैसे देतो, एका कोयत्याला म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीला. ती उचल फिटेपर्यंत टोळी सोडता येत नाही, आणि हंगामात फिटली नाही तर पुढच्या हंगामाच्या नावावर जाते. मी मारकुटे मुकादम पाहिलेत आणि देवमाणूस म्हणावेत असेही. थंडीत बाईला बाळंतपणाच्या कळा सुरू झाल्यावर स्वतःच्या गाडीतून दवाखान्यात नेणारा एक होता. दवाखान्याचं बिल त्याने उचलीत धरलं. गोड बोलून सांगितलं.